सात पाढे, सत्तर सेकंद

गेली एकवीस वर्षं मी लोकांच्या पोटातल्या गाठींचे स्कॅन तपासते आहे आणि त्यांतल्या एकाही माणसाचं नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असणं हाच आमच्याकडे गुन्हा. माझ्यासमोर येतो तो फक्त क्रमांक: आधी रुग्णालयाचे दोन आकडे, मग रुग्णाचे तीन.

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मला ‘वैद्यकीय संशोधनातील भरारी’ असा विषय दिला होता. मी त्यांना सांगितलं की भरारी मारणारी मंडळी वेगळी. ती परिषदांना जातात, गळ्यात पट्टे अडकवून फोटो काढून घेतात. माझी नोकरी त्यांच्यामागून मोजपट्टी घेऊन चालण्याची. “मग मोजपट्टीबद्दल लिहा,” ते म्हणाले. तेव्हा हे मोजपट्टीबद्दल.

कर्करोगावरचं नवं औषध चालतं की नाही हे ठरवताना ते काही रुग्णांना देतात आणि ठरावीक आठवड्यांनी त्यांचा सीटी स्कॅन काढतात. मोजणी मात्र त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांवर सोडत नाहीत. डॉक्टर हा माणूस असतो, आपल्या पेशंटची गाठ आक्रसलेली बघायची त्याला हौस असते. म्हणून सगळे स्कॅन आमच्यासारख्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत येतात. प्रयोगशाळा म्हणजे हेब्बाळमधली एक काचेची इमारत. आत काचेची नळी एकही नाही, नुसते संगणक. तिथे दोन रेडिऑलॉजिस्ट, एकमेकांना न विचारता, त्याच त्या गाठी मोजतात. निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज करतात, मिलिमीटरमध्ये. आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती वीस टक्क्यांनी आणि निदान पाच मिलिमीटरनी वाढली, की रोग वाढला असं धरायचं आणि त्या रुग्णाचं औषध बंद. एकोणीस पूर्णांक नऊ दशांश टक्के वाढली, तर ‘स्थिर’. औषध चालू.

“वीसच का?” नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं.

“रेघ कुठेतरी ओढायला हवी म्हणून.”

“आणि रेघेवरच्या माणसाचं काय?”

“त्याला नीट मोजायचं,” मी म्हणाले. “त्याचाच मला पगार मिळतो.”

पेपरात ‘गाठ विरघळवणारं औषध सापडलं’ अशी बातमी आली की आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीतले लोक लिफ्टमध्ये मला थांबवून विचारतात, खरं का हो? मी विचारते, कितीने विरघळली? कुठल्या तारखेच्या तुलनेत? स्कॅनचे काप किती जाडीचे होते? तोवर त्यांचा मजला येतो. ज्यांचा येत नाही तेही उतरतात.

डॉक्टरांनी मोजण्याआधी स्कॅन मोजण्याच्या लायकीचा आहे की नाही हे बघणं माझं काम. माझ्या यादीत तेवीस मुद्दे आहेत. नाव खोडलंय का, सगळं यकृत फोटोत आलंय का, तारीख बरोबर आहे का, रक्तवाहिन्या उजळवणारा डाय कधी दिला. काही खटकलं की रुग्णालयाला लेखी प्रश्न पाठवायचा, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. ऑफिसात माझं टोपणनाव क्वेरीबाई आहे, हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

क्वेरीबाईंनी काही दिवेही लावले आहेत. स्कॅनचं मशीन बरोबर मोजतंय ना हे पाहायला रुग्णालयांनी दर महिन्याला पाण्याने भरलेली प्लास्टिकची बरणी स्कॅन करून पाठवायची असते. एका बड्या रुग्णालयाच्या बरणीच्या पाण्यात एक बुडबुडा होता. पुढच्या महिन्यात तो तिथेच होता. तिसऱ्या महिन्यातही, एका ठिपक्याचाही फरक नाही. पाण्यातला बुडबुडा इतका स्थिरबुद्धी नसतो. लोकांनी बरणी एकदाच स्कॅन केली होती आणि दर महिन्याला नुसती तारीख बदलून तीच पाठवत होते. मी क्वेरी काढली: “कृपया बुडबुड्याच्या प्रकृतीबद्दल कळवावे.” उत्तर आलं नाही. चौथ्या महिन्यात बुडबुडा हलला.

मग ते यंत्रबुद्धीवाले गृहस्थ. त्यांचं सॉफ्टवेअर डॉक्टरांशिवाय गाठी शोधतं म्हणे. आमच्या सभागृहात त्यांनी ते सर्वांसमोर चालवून दाखवलं. सॉफ्टवेअरने क्षणात एक भलीमोठी गाठ शोधली आणि बाजूला लिहिलं, खात्री चौऱ्याण्णव टक्के. ते पित्ताशय होतं. ते सगळ्यांनाच असतं. “हे तर सुरुवातीचं व्हर्जन आहे,” गृहस्थ म्हणाले. टाळ्या झाल्या.

अशा गोष्टी सांगताना मला मजा येते, हे कबूल करते. आता जिच्यात मजा येत नाही ती सांगते.

यकृतातल्या गाठींचा स्कॅन काढताना हाताच्या शिरेतून डाय देतात. तो आधी रोहिण्यांमधून धावतो, मग यकृताकडे जाणारी मोठी शीर भरते, मग यकृत उजळतं आणि उजळलेल्या यकृतात गाठ काळी, स्वच्छ दिसते. त्या क्षणी फोटो काढायचा. आमच्या चाचणीत तो क्षण ठरला होता: डाय सुरू केल्यापासून सत्तर सेकंद. चाळिसाव्या सेकंदाला काढलात तर गाठीच्या कडेला एक झगझगीत कडं दिसतं. मोजणारा ते कडंही गाठीतच धरतो. गाठ वाढलेली नसते, पण आकडा वाढतो.

एका सोमवारी सकाळी मी मोजून झालेल्या स्कॅनचे शेरे वाचत बसले होते. शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही. म्हणून तर डॉक्टर त्यात खरं लिहितात. शून्य चार, शून्य अकरा या रुग्णाच्या पाचव्या स्कॅनची बेरीज एका डॉक्टरांनी साठ काढली होती, दुसऱ्यांनी एकोणसाठ. आजवरची सर्वांत कमी बेरीज होती एकोणपन्नास. वीस टक्क्यांची रेघ येते अठ्ठावन्न पूर्णांक आठ दशांशला. दोघंही रेघेच्या पलीकडे, म्हणजे तिसऱ्या डॉक्टरला विचारायची गरज नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी शेऱ्यात लिहिलं होतं: “मोठी शीर अजून काळपट दिसते.” आणि तरीही मोजून टाकलं होतं.

मी स्कॅन उघडला. शीर काळपटच होती. गाठींना कडी होती. हा सत्तर सेकंदांचा फोटो नव्हता. फॉर्मवर मात्र ‘७०’ लिहिलं होतं आणि खाली ‘मोजण्यायोग्य’ म्हणून सही होती. सही माझी.

मी तो फॉर्म पास केला तेव्हा काय पाहत होते ते मला आठवलं. त्याच दिवशी त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या एका फॉर्मवर बरोबरची खूण चौकटीबाहेर गेली होती. मी त्या खुणेच्या मागे लागले होते.

शून्य अकरा ही एक बाई आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिच्या डॉक्टरांनी आमच्या निकालाची वाट पाहत तिच्या गोळ्या थांबवल्या होत्या. निकाल बुधवारी संध्याकाळी जाणार होता. गेला की ती चाचणीतून बाहेर. परत आत यायची सोय नियमांत नाही, आणि ते औषध बाजारात मिळत नाही.

मंगळवारी सकाळी मी त्या रुग्णालयात गेले. माझ्या टेबलापासून फार तर वीस किलोमीटर असेल, पण आमचे प्रश्न परदेशातल्या एका सर्व्हरवरून फिरून चामराजपेटेजवळ पोहोचायचे. जुनं, धर्मादाय रुग्णालय. सीटी स्कॅन तळमजल्यावर. तिथले मुख्य तंत्रज्ञ नागोजीराव. चार वर्षं फोनवर बोललो होतो, चेहरा प्रथमच पाहिला. साठीला टेकलेले, कपाळावर गंध. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली असं ते सांगतात. माझं माहेर निपाणीचं, म्हणून त्यांच्या लेखी मी कालची आलेली.

“या अक्का, या. कॉफी सांगतो. स्वल्प बसा.”

“नागोजीराव, डाय दिल्यावर तुम्ही वेळ कशी मोजता?”

“कशी म्हणजे? सत्तर.”

“घड्याळ कुठंय?”

त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. घड्याळ होतं, पण ते पेशंटच्या डोक्यावर, तोंड पलीकडे. डाय ढकलणाऱ्या यंत्राची आणि स्कॅनची जोडणी तुटल्याला दोन वर्षं झाली होती. दुरुस्तीचा अर्ज वर गेलेला होता. तो अजून वरच होता.

“मग?”

ते जरा लाजले. “पाढे म्हणतो.”

“काय?”

“तेरापासून एकोणिसापर्यंत. सात पाढे. वडिलांनी मारून मारून पाठ करून घेतलेत. एक पाढा दहा सेकंद. एकोणीस दाहे एकशे नव्वद म्हटलं की बटण.”

माझ्या फोनमध्ये सेकंदाचं घड्याळ होतं. “म्हणा,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस… एकशे चार आला तेव्हा जुन्या पद्धतीने ‘चारोदरसे’ म्हणाले. हे मी शेवटचं ऐकलं ते माझ्या आजोबांच्या तोंडून. एकोणिसाचा पाढा संपला आणि त्यांनी टेबलावर बोट आपटलं. सत्तर सेकंद. पुन्हा म्हणायला लावले: एकोणसत्तर. तिसऱ्यांदा: सत्तर. आमच्याकडे दोन कोटींच्या यंत्रांचे स्कॅन येतात, त्यांची वेळ इतकी नेमकी नसते. मी त्यांचे शून्य अकराचे आधीचे चारही स्कॅन डोळ्यांसमोर आणले. चारही निर्दोष.

“मग पाचव्याला काय झालं? गेल्या मंगळवारी?”

“काय झालं?” त्यांनी कॉफीचा पेला उचलला आणि परत ठेवला. “काही नाही झालं.”

“शीर काळी आहे, नागोजीराव. चाळीस सेकंदांचा फोटो आहे तो.”

“असेल. माझंच चुकलं असेल. वय झालं अक्का. लिहा तसं.”

“तुमचा पाढा चुकेल?”

“माणूस आहे मी. लिहा ना, ऑपरेटरची चूक. सरी, ठीक आहे, संपलं.”

मला राग आला. इतक्या सहजी चूक कबूल करणारा माणूस मला एकवीस वर्षांत भेटला नव्हता, आणि जे पहिल्यांदा दिसतं ते तपासायचं ही माझी सवय. मी पर्समधून डायरी काढली. मी प्रत्येक फोनची वेळ डायरीत लिहिते. ऑफिसचं नाही, माझं स्वतःचं वेड. दूध कधी उतू गेलं हेसुद्धा मी वेळेसकट सांगू शकते, असं नवरा म्हणतो. मी म्हणाले, “थांबा, त्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं. तुम्ही काही बोलला असाल तर मी टिपलं असेल.”

“अक्का, जाऊ द्या ना ते.”

पान सापडलं. मंगळवार, अकरा बेचाळीस. रुग्णालयाचा कन्सोलजवळचा फोन. विषय: खूण चौकटीबाहेर. कालावधी: एका मिनिटाच्या आत; ‘नंतर बोलतो’ म्हणून ठेवला.

शून्य अकराच्या स्कॅनवर मशीनने छापलेली वेळ मला पाठ होती. अकरा बेचाळीस.

फोन कन्सोलच्या, म्हणजे स्कॅनची बटणं असलेल्या टेबलाच्या, शेजारीच होता, हातभर अंतरावर. मी त्याच्याकडे पाहिलं, नागोजीरावांनीही पाहिलं.

“कितव्या पाढ्यावर होतात?” मी विचारलं.

“सोळाच्या मध्यावर,” ते म्हणाले. “मी म्हटलं नंतर बोलतो. तुम्ही म्हणालात, एकच मिनिट, ती खूण. मग फोन ठेवला, तर कुठं होतो ते आठवेना. वाटलं उशीर झाला. घाबरून दाबलं बटण.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तुम्ही चांगल्या कामासाठीच फोन केला होता.” आणि मग, जरा चिडूनच: “ती खूण तरी लागली का चौकटीत?”

लागली होती. दुसऱ्याच दिवशी नवा फॉर्म आला होता.

दुपारी मी कौस्तुभसमोर बसले. कौस्तुभ आमचा गुणवत्ता विभागाचा प्रमुख, पुण्याहून आलेला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि चार पायऱ्या वर. हुशार माणूस आहे. हुशारीचाच त्रास आहे.

“मॅडम, रिझल्ट आल्यावर रिस्कॅन मागायचा? सीरियसली? औषध कंपनी म्हणेल, निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा काढताय.”

“निकाल आवडला नाही असं नाही. फोटो चुकीच्या वेळी काढलाय.”

“पण ते निकालाआधी कुणी नोंदवलंय का? तुम्हीच तर पास केलाय.”

“मी चुकीने पास केला. आणि निकालाआधीची नोंद आहे.” मी डायरीचं पान त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत मागे रेलला. “मॅडम, तुम्हाला कळतंय ना हे काय आहे? हे आपल्याच अगेन्स्ट आहे.”

“आपल्या नाही, माझ्या.”

“तेच. उद्या ऑडिटर विचारेल, तुमचे लोक स्कॅन चालू असताना फोन करतात? अजून किती वेळा केलेत?”

“दोनशे सतरा,” मी म्हणाले. “या वर्षी. स्कॅनच्या वेळेशी जुळणारा हा एकच. आत्ता इथे येण्याआधी सगळे ताडून पाहिलेत.”

तो हसला, पण फार वेळ नाही. पडद्यावर त्याने चूक नोंदवायचा फॉर्म उघडला. कारणांची यादी आधीच ठरलेली असते, त्यातून एक निवडायचं: रुग्ण, रुग्णालयाचे कर्मचारी, यंत्र, हवामान. हवामानसुद्धा आहे. प्रयोगशाळा नाही. ज्यांनी यादी केली त्यांच्या डोक्यात ती शक्यता आली नसावी.

“‘रुग्णालयाचे कर्मचारी’ करूया,” तो म्हणाला. “त्यांनी कबूलही केलंय म्हणता. त्यांना एक ट्रेनिंग देऊ, सर्टिफिकेट देऊ. सगळ्यांचं काम होईल.”

“त्यांच्या पाढ्यात एका सेकंदापेक्षा जास्त चूक नाही.”

“पाढ्यात?”

मी सांगितलं. त्याला ते अर्थातच फार आवडलं. तो म्हणाला हे परिषदेत सांगण्यासारखं आहे. मी म्हणाले, परिषदेत नंतर सांग, आधी खाली ‘इतर’ असा पर्याय आहे का बघ. होता. सर्वांत खाली. पुढे चाळीस अक्षरांची जागा. त्यात मी लिहिलं: “प्रयोगशाळेचा फोन स्कॅन चालू असताना.” बरोबर बसलं. सही केली, डायरीचं पान जोडलं. कौस्तुभ म्हणाला, खासगी डायरी हा मान्य दस्तऐवज नाही. मी म्हणाले, मग मला बोलवा म्हणावं, मी वाचून दाखवेन.

बुधवारी निकाल गेला नाही. गुरुवारी कंपनीचे लोक व्हिडिओ कॉलवर आले, तीन देशांतून सातजण. सगळ्यांत सौम्य आवाजाच्या बाईंनी मला विचारलं की रुग्णाच्या भल्यासाठी मी ही नोंद नंतर तर केली नाही ना. त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता. मी डायरी कॅमेऱ्यासमोर धरली आणि त्या दिवसाच्या पुढची-मागची पानं दाखवली: गॅस सिलिंडर, मुलीच्या फीची तारीख, सासूबाईंचा रक्तदाब, त्यात अकरा बेचाळीस. सातजणांनी माझ्या घरचा रक्तदाब वाचला. मग परवानगी मिळाली.

हे सगळं होईतो तिच्या गोळ्या अकरा दिवस बंद होत्या. या अकरा दिवसांचं तिच्या यकृतात काय झालं, हे कुठल्याच स्कॅनवरून सांगता येत नाही. मी सांगू शकत नाही असे आकडे थोडे आहेत, हा एक.

नवा स्कॅन आला. मोठी शीर पांढरीशुभ्र, गाठींना कडी नाहीत. तेवीस मुद्दे मी दोनदा पाहिले आणि ‘मोजण्यायोग्य’वर सही केली. नव्या दोन डॉक्टरांनी मोजलं: चौपन्न आणि चौपन्न. दहा पूर्णांक दोन दशांश टक्के. स्थिर. आमच्या धंद्यात ‘काही बदल नाही’ यापेक्षा चांगली बातमी क्वचित येते. गोळ्या परत सुरू झाल्या.

माझ्या कामगिरीच्या फाइलमध्ये एक ताकीद लागली. नागोजीरावांना कुणीही दोष दिलेला नसताना ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळालं. ते त्यांनी कन्सोलवर लावलंय म्हणे. डायचं यंत्र अजून तुटकंच आहे. कौस्तुभने परिषदेत पाढ्यांवर भाषण केलं, ते गाजलं. त्यात फोनचा उल्लेख नव्हता.

निकालानंतर दोन दिवसांनी नागोजीरावांनीच मला फोन केला. निकाल त्यांना सांगायची मला परवानगी नाही, आणि त्यांनीही विचारला नाही.

“अक्का, फोटो चांगला आला ना या वेळी?”

“उत्तम आला.”

“ती बाई विचारत होती टेबलावर. परत का काढताय, माझं काही बिघडलंय का म्हणून. रडत होती हो. मी सांगितलं, मागच्या वेळी मशीन बिघडलं होतं, तुझं काही नाही.”

मी डायरीचं पान उघडलं.

“तुमचं कशाला सांगायचं?” ते म्हणाले. “ती म्हणाली, असू दे, मशीनला काय कळणार आत कोण आहे ते.”

मशीन बिघडलं नव्हतं. असं चुकीचं कारण कुणी दिलं, की त्याच दिवशी क्वेरी काढायची आणि दुरुस्त करून घ्यायची, हा माझा एकवीस वर्षांचा नियम. मी “बरं” म्हणाले, आणि फोन ठेवला.